वाचकांचे प्रश्न : कस्टमरचा इंजिनिअर आपल्या शॉपवर येतो तेव्हा

गेल्या काही महिन्यांत लघुउद्योजकांची आणि मोठ्या कंपन्यांच्या सप्लायर विभागात काम करणाऱ्या तरुण इंजिनिअरांची बरीच पत्रं आली. प्रत्येकाची अडचण वेगळी असली तरी गाठ एकच आहे. माल घेणारा आणि माल देणारा यांनी एकत्र बसून काम सुधारायचं ठरवलं, तर सुरुवात कुठून करायची आणि फायदा कुणाच्या खिशात जायचा? त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचं भोसरीत छोटं प्रेसशॉप आहे. ११० टनी पॉवर प्रेसवर एका कस्टमरचे ब्रॅकेट निघतात. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला दीड तास जातो. कस्टमर म्हणतो, 'आमचा माणूस आठवडाभर पाठवतो, वेळ निम्म्याहून खाली आणू.' पण वेळ वाचली की पुढच्या बैठकीत रेट कापतील, अशी धास्ती वाटते. हो म्हणावं का?

हो म्हणा. मात्र तो माणूस गेटच्या आत येण्याआधी एका पानाचं टिपण करा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. त्यात तीन गोष्टी असू द्यात. पहिली, हिशेब उघडायचा तो फक्त या एका पार्टचा. दुसरी, वेळ आणि मजुरीत जी बचत होईल ती किमान बारा महिने तुमच्याकडेच राहील. तिसरी, पत्र्याच्या पट्टीवर नग मांडायचा लेआउट बदलून पत्रा वाचला तर ती बचत निम्मी-निम्मी, कारण तिथे ड्रॉइंग आणि मंजुरी त्यांची लागते. पत्र्याचे बाजारभाव वर-खाली होतात, तो हिशेब यात मिसळू देऊ नका. टोयोटाने १९९२ मध्ये अमेरिकेत सप्लायरांसाठी मदत केंद्र सुरू केलं, तेव्हा सुधारणा झाली की लगेच दर उतरवा असा तगादा लावला नाही. त्यांची अट वेगळी होती : सुधारलेली लाइन इतर कारखान्यांना पाहायला खुली ठेवा. तुमचा कस्टमर असं टिपण करायला तयार नसेल, तर त्याला तुमचं शिक्षण नको आहे, फक्त दर हवा आहे, असं समजा आणि नम्रपणे नाही म्हणा.

आता प्रत्यक्ष काम. डाय बदलाची वेळ म्हणजे आधीच्या लॉटचा शेवटचा नग पडल्यापासून नव्या लॉटचा पहिला ओके नग हातात येईपर्यंतची वेळ. बोल्ट आवळून झाले म्हणजे बदल संपला, असं धरू नका. मोबाइल स्टँडवर लावून पूर्ण बदलाचं चित्रीकरण करा आणि सेटर, हेल्पर, सुपरवायझर आणि कस्टमरचा इंजिनिअर असे सगळे मिळून ते पाहा. प्रत्येक हालचाल कागदावर उतरवा आणि पुढे लिहा : हे प्रेस बंद असतानाच करावं लागतं की चालू असतानाही उरकता येईल? जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांच्या झटपट डाय-बदलाच्या पद्धतीचा गाभा एवढाच आहे.

दीड तासातला मोठा वाटा साधारणपणे पुढच्या कामांत जातो. पाना आणि क्लॅम्प शोधणं, फोर्कलिफ्टची वाट पाहणं, प्रत्येक डायला वेगळ्या जाडीचं पॅकिंग जुळवणं, शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची) खाली-वर करत बसणं आणि पहिला नग घेऊन क्यूसीच्या माणसाला शोधत फिरणं. यांतलं बरंचसं प्रेस चालू असताना उरकता येतं. पुढची डाय बोल्स्टरच्या (प्रेसच्या टेबलाच्या) उंचीच्या रोलर ट्रॉलीवर आधीच आणून ठेवा. टी-बोल्ट आणि नट एकाच मापाचे करा. सगळ्या डायांची क्लॅम्पिंगची जाडी सारखी करा. ३० मिमी ठरवली तर ज्या डायची कमी असेल तिथे पट्टी जोडा. डायखाली पॅरलल ब्लॉक लावून सगळ्यांची बंद उंची एक केली की रॅमची (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाची) उंची पुन्हा जुळवायची गरज राहत नाही. बोल्स्टरवर दोन लोकेटिंग पिना आणि डायच्या बुटाला (तळाच्या पाटाला) खाचा केल्या की सरळ लावण्यासाठी हातोडी मारत बसावं लागत नाही. पहिला नग तपासायची फिक्श्चर (नग पक्का धरणारी चौकट) प्रेसशेजारीच ठेवा.

हे करताना दोन ठिकाणी घात होतो. पहिलं म्हणजे घाईत शट हाइट न तपासता स्ट्रोक मारला की पंच जास्त आत जातो, धार तुटते आणि पुढचे दोन दिवस डाय टूलरूममध्ये पडून राहते. म्हणून पहिला स्ट्रोक नेहमी इंचिंगवर (प्रेस थोडी-थोडी सरकवत) मारा. मुख्य मोटर बंद केली, फ्लायव्हील पूर्ण थांबलं आणि सेफ्टी ब्लॉक लागला, त्यानंतरच डायमध्ये हात घाला. मिनिटं वाचवण्यासाठी या नियमाला कधीही बगल देऊ नका. दुसरी चूक कस्टमरच्या बाजूने होते आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. समजा महिन्याला १२,००० नग लागतात. आज तुम्ही ३,००० चे चार लॉट काढता. चार वेळा ९० मिनिटं म्हणजे महिन्याला ३६० मिनिटं सेटिंगमध्ये जातात. बदल ३० मिनिटांवर आला की त्याच ३६० मिनिटांत १,००० चे बारा लॉट निघतील. तयार मालाचा साठा एक तृतीयांशावर येईल आणि बर (कडेला उरणारी धातूची धार) आला तर ३,००० ऐवजी फार तर हजार नग खराब होतील. पण कस्टमरची मागणी महिन्यातून एकदाच, तीही गठ्ठ्याने येत राहिली तर हा फायदा मिळतच नाही. म्हणून टिपणात चौथी ओळ घाला : बदलाची वेळ ठरल्याप्रमाणे खाली आली की कस्टमर आठवड्याचं पक्कं शेड्यूल देईल. त्यांच्या खरेदी खात्यालाही काही शिकावं लागणार आहे, हे आधीच स्पष्ट झालेलं बरं.

प्रश्न : आमची कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्री आहे. करड्या बिडाची हाउसिंग पुरवतो. मशिनिंग झाल्यावर ब्लोहोल (कास्टिंगमधली पोकळ भोकं) निघाले की कस्टमर कास्टिंगची किंमत आणि संपूर्ण मशिनिंगचा खर्च डेबिट करतो. आम्ही म्हणतो साच्याची वाळू ठीक आहे, ते म्हणतात कास्टिंग खराब आहे. वाद मिटतच नाही.

दोघांच्या हातात अर्धी-अर्धी माहिती आहे, म्हणून वाद मिटत नाही. दोन आठवड्यांसाठी डेबिट नोटेचा विषय बाजूला ठेवा आणि दोघांनी मिळून एक नोंदपट चालवा.

कस्टमरकडून एवढं हवं : रिजेक्ट झालेला नग भंगारात टाकायचा नाही. त्यावर तारीख आणि हीटचा (भट्टीतून एकावेळी निघालेल्या धातूचा) कोड, कॅव्हिटी (साच्यातला खण) नंबर, दोष कोणत्या ऑपरेशनला दिसला, कोणत्या फेसवर आणि किती खोल, हे लिहून तो परत पाठवायचा. कास्टिंगच्या चित्रावर चौकोन आखून प्रत्येक दोषाचा ठिपका मारायचा. तुमच्याकडून एवढं हवं : प्रत्येक कास्टिंगवर हीट आणि कॅव्हिटीचा ठसा असलाच पाहिजे. दर तासाला वाळूची ओल, कॉम्पॅक्टिबिलिटी (ती किती दबते), परमिएबिलिटी (तिच्यातून वायू किती जातो) आणि ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद) लिहायची. लॅडलच्या (धातू ओतायच्या भांड्याच्या) पहिल्या आणि शेवटच्या बॉक्सला (साच्याला) ओतण्याचं तापमान पायरोमीटरने घ्यायचं. मग दोन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवायचे.

आधी दोषाचं खरं नाव ठरवा. भोक गोल आणि आतून गुळगुळीत, चकचकीत असेल तर तो वायूचा दोष. आतली भिंत खरबरीत, झाडाच्या फांद्यांसारखी असेल आणि जागा जाड भागाच्या जोडावर असेल तर तो श्रिंकेज, म्हणजे धातू आकसल्याचा दोष. त्यावर वाळूत काहीही करून उपयोग नाही, रायझर (आकसणाऱ्या भागाला धातू पुरवणारा साठा) आणि गेटिंग (धातू आत जायच्या वाटा) पाहावं लागेल. वेड्यावाकड्या खळग्यात काचेसारखा अवशेष असेल तर तो स्लॅग, म्हणजे धातूवरची मळी.

वायूचाच दोष निघाला तर ठिपके कुठे जमतात ते पाहा. एकाच कॅव्हिटीत जमले तर त्या पॅटर्नचे व्हेंट (वायू जायची छिद्रं) तपासा. कोअरच्या (पोकळीसाठी साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याच्या) आसपास असतील तर कोअर नीट भाजलेला नाही किंवा त्याचा वायू बाहेर पडायची वाट बंद झाली आहे. लॅडलच्या शेवटच्या बॉक्सांत येत असतील तर धातू थंड पडतो आहे. मध्यम जाडीच्या करड्या बिडाला ओतताना साधारण १,३६० ते १,४२० अंश सेल्सिअस लागतं, आणि शेवटचा बॉक्स त्याखाली गेलेला आढळेल. सकाळच्या पहिल्या बॉक्सांत बारीक पिनहोल येत असतील तर लॅडलचं नवं अस्तर पुरतं वाळलेलं नाही, त्यातल्या ओलीतून हायड्रोजन येतो. भंगारातून किंवा इनॉक्युलंटमधून (ओतण्याआधी धातूत टाकायच्या मिश्रणातून) अ‍ॅल्युमिनियमचा अंश आला तर हाच दोष आणखी बळावतो. दुपारनंतर दोष वाढत असतील तर परतीची वाळू गरम राहते आहे. वाळू ५० अंशांच्या वर गेली की मलरमध्ये (वाळू मळायच्या यंत्रात) घातलेलं पाणी उडत राहतं. ऑपरेटर आणखी पाणी घालतो, आणि ओल ३ ते ४ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर कधी गेली हे कुणाला कळतच नाही. अशा वेळी आणखी बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) ओतण्यापेक्षा वाळू थंड करण्याची सोय आणि जादा वाळूचा साठा जास्त उपयोगी पडतो.

कस्टमरच्या हातात असलेली एक मोठी गोष्ट ते स्वतःहून क्वचितच सुचवतात : मशिनिंगचा क्रम. ठिपके ज्या फेसवर जमतात तो फेस सर्वात आधी मिल केला तर दोष पहिल्याच ऑपरेशनला दिसतो. मग बोअर, ड्रिल, टॅप सगळं होऊन शेवटी नग फेकायची वेळ येत नाही. डेबिटचा तोडगाही इथेच सापडतो. कास्टिंगची किंमत आणि पहिल्या ऑपरेशनचा खर्च फाउंड्रीचा. क्रम बदलणं शक्य असूनही कस्टमरने बदलला नाही, तर पुढच्या ऑपरेशनांचा खर्च त्यांचा. हे न्याय्य आहे, आणि असं ठरलं की दोन्हीकडचे लोक दोष लवकर पकडायच्या मागे लागतात. ड्रॉइंगमध्ये जाड बॉस (उंचवटा) पातळ भिंतीला अचानक जोडलेला असेल तर त्यांच्या डिझाइनरला फाउंड्रीत बोलवा आणि तुकडा कापून दाखवा. त्रिज्या वाढवायला किंवा बॉस आतून पोकळ करायला तो नाही म्हणणं अवघड आहे.

प्रश्न : वाळूजमधल्या आमच्या युनिटमध्ये अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगचा २५ एच७ बोअर आम्ही ओके करून पाठवतो. कस्टमर तोच नग 'लहान' म्हणून परत करतो. चूक कोणाची?

कदाचित कोणाचीच नाही. २५ एच७ म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी, म्हणजे मापातली सगळी सूट (टॉलरन्स) २१ मायक्रॉन. व्हर्नियरने हे मोजत असाल तर ते आधी थांबवा. एक मायक्रॉन वाचणारा बोअर गेज किंवा एअर गेज हवा.

मग तापमान पाहा. उन्हाळ्यात तुमचं शॉप ३८ अंशांवर आणि त्यांची स्टँडर्ड रूम (मापं घ्यायची खोली) २० अंशांवर असते. त्या १८ अंशांत २५ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम बोअर सुमारे १० मायक्रॉन वाढतो. गेज जुळवायची पोलादाची मास्टर रिंगही तुमच्याच शॉपमध्ये तितकीच गरम असेल तर तीही निम्मी वाढते, आणि फरक पाचेक मायक्रॉनचा राहतो. पण रिंग थंड कपाटातून काढली आणि नग नुकताच मशीनवरून उतरला असेल, तर पूर्ण दहा मायक्रॉनचा, म्हणजे जवळजवळ निम्म्या सुटीचा फरक पडतो. त्यांच्याकडे थंड झाल्यावर तोच बोअर लहान दिसणार. म्हणून नग, रिंग आणि गेज एकाच टेबलावर तासभर ठेवा आणि मगच मोजा.

त्यानंतर दोघांनी मिळून मोजमापाचा अभ्यास करा : १० नग, ३ माणसं, प्रत्येकी ३ वेळा, म्हणजे ९० वाचनं. माणसं दोन्हीकडची मिसळून घ्या. मोजमापातला फरक सुटीच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. १० ते ३० टक्क्यांत असेल तर कामाचं महत्त्व पाहून चालवता येईल. ३० च्या वर गेला तर त्या गेजवरून कोणताही नग नाकारू नये, त्यांनीही नाही. शेवटी पाच नगांवर क्रमांक कोरून दोघांनी मान्य केलेली मापं लिहून ठेवा. पुढचा वाद उठला की आधी ते पाच मोजायचे.

प्रश्न : मी चाकणच्या एका कंपनीत सप्लायर विकास इंजिनिअर आहे. माझ्याकडे चौदा वेंडर आहेत. महिनाभर ऑडिटची चेकलिस्ट भरत फिरते. प्रत्यक्षात त्यांना काही शिकवता येत नाही, याची खंत वाटते. काय बदलावं?

आधी चौदांपैकी दोन निवडा आणि हे वरिष्ठांना लेखी सांगा. बाकीच्यांचं ऑडिट चालू राहू द्या, पण शिकवणं चौदा जणांचं एकदम होत नाही. निवडताना सर्वात वाईट वेंडर घेऊ नका. ज्याचा मालक रोज शॉपवर उतरतो आणि ज्याच्याकडे टिकणारा एक तरी सुपरवायझर आहे, तो घ्या.

सलग तीन दिवस तिथेच राहा, एकाच मशीनजवळ. सायकल टाइमचा कागद तुम्ही भरू नका. घड्याळ सुपरवायझरच्या हातात द्या, दहा सायकल त्याला मोजू द्या आणि सर्वात कमी व सर्वात जास्त वेळेतला फरक कशामुळे पडला, हे त्याच्याकडून वदवून घ्या. उत्तर तुम्हाला आधी दिसलं तरी धीर धरा. तुम्ही रिपोर्ट लिहून मेल केला की तो फाइलमध्ये जातो. त्याने स्वतः भिंतीवर लावलेला हाताने लिहिलेला कागद मात्र महिनाभर तिथेच राहतो आणि त्यावर रोज बोलणं होतं.

ऑपरेटरला शिकवण्याच्या चार पायऱ्या दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कारखान्यांत बसवल्या गेल्या. युद्धानंतर जपानने त्या उचलल्या आणि आजही त्या तितक्याच उपयोगी आहेत. आधी त्या माणसाला सावध आणि निवांत करायचं, मग काम करून दाखवत मुख्य मुद्दे सांगायचे, मग त्याच्याकडून करून घेताना ते मुद्दे त्यालाच बोलायला लावायचे आणि शेवटी अधूनमधून जाऊन पाहायचं. आपल्याकडे बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीनंतर 'समजलं ना?' असं विचारून माणूस निघून जातो. तो 'हो' म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी क्लॅम्प उलटा लागतो. 'क्लॅम्प नीट लाव' हा मुख्य मुद्दा होत नाही. 'क्लॅम्पचा पाय बॉसला टेकला की टिक आवाज येतो, तो आल्याशिवाय स्पिंडल चालू करू नको, नाहीतर बोअर तिरका जातो' हा होतो. काय करायचं आणि का करायचं, दोन्ही त्यात हवं.

हात बसल्यावर वेंडरांचा गट करा. टोयोटात तिथली उत्पादनपद्धत घडवणारे ताइइची ओनो यांच्या पुढाकाराने सप्लायरांना शिकवणारा विभाग उभा राहिला, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून सप्लायरांचे स्वअभ्यास गट सुरू झाले. जपानीत त्यांना जिशुकेन म्हणतात. पाच ते आठ कारखाने एका गटात असतात, थेट स्पर्धक एकत्र बसत नाहीत, आणि सगळे मिळून एकेकाच्या शॉपवर जाऊन तिथला एक प्रश्न सोडवतात. भारतात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांच्या 'अ‍ॅक्मा' या संघटनेनेही क्लस्टरची पद्धत बरीच वर्षं चालवली आहे. चाकणमध्ये एक प्रेसशॉप, एक मशिनशॉप, एक प्लास्टिक मोल्डर आणि एक पेंटशॉप असा गट सहज जमेल. रोग सगळ्यांचे सारखेच असतात : शोधाशोध, साठा, वाट पाहणं. आणि शेजाऱ्याने हे दाखवलं की कस्टमरच्या माणसाने दाखवल्यापेक्षा मनावर लवकर घेतलं जातं.

तुमचं काम टिकलं की नाही हे तीन महिन्यांनी कळेल. सुधारलेलं मशीन पाहू नका, त्याच्या शेजारचं पाहा. तुम्ही नसताना वेंडरने तीच पद्धत दुसऱ्या मशीनला लावली असेल, तर शिक्षण झालं. लावली नसेल तर बहुधा शिकलेला माणूसच निघून गेलेला असतो. कंत्राटी मुलं काही महिन्यांत बदलतात, म्हणून सेटर आणि लाइन लीडर तरी वेंडरच्या कायम पटावर असावेत. त्यासाठी त्याला पगार वाढवावा लागतो. दर ठरवताना हा खर्च धरला जावा, हे तुमच्या खरेदी खात्याला तुम्हीच पटवायला हवं. ते तुमच्या चेकलिस्टमध्ये नसेल, पण त्यावाचून बाकीची मेहनत पाण्यात जाते.

प्रश्न : कस्टमर सुधारणांच्या बैठका घेतो, पण बिल ९० दिवसांनी काढतो. नवी फिक्श्चर कुठून करायची?

तुम्ही सरकारची उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. मालाबद्दल तक्रार असेल तर कस्टमरने ती १५ दिवसांत लेखी द्यायला हवी, नाहीतर माल स्वीकारला असं धरलं जातं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आहे : मुदतीत न दिलेली रक्कम, प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते. त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले आता हा विषय ऐकून घेतात. मध्यम उद्योग आणि निव्वळ व्यापारी यांना मात्र हे संरक्षण नाही.

थकलेल्या बिलांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण चालू कस्टमरशी ते शेवटचं पाऊल ठेवा. त्याआधी प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. कस्टमर ट्रेड्स (TReDS) या बिलं वटवून देणाऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर असेल तर बिल तिथे चढवायला सांगा. त्याने ते मान्य केलं की बँका बोली लावतात, तुम्हाला काही दिवसांत पैसे मिळतात आणि मुदतीला तो बँकेला देतो. सुधारणेच्या टिपणात फिक्श्चरचा खर्च कोण करणार ही ओळ वेगळी लिहा. फिक्श्चर कस्टमरच्या पैशाने झाली तर ती त्याच्या मालकीची राहते. तिच्यावर तशी पाटी लावा आणि देखभालीची वही ठेवा.

प्रश्न : कस्टमरच्या इंजिनिअरने आमची युक्ती उद्या दुसऱ्या वेंडरला सांगितली तर?

काही गोष्टी जाणारच. ट्रॉली, सारख्या मापाचे बोल्ट, बोर्डावर टांगलेले पाने यांत लपवण्यासारखं काही नाही. त्या शेजाऱ्याकडे गेल्या तरी तुमचं नुकसान होत नाही. जपायचं ते वेगळं असतं : तुमच्या टूलरूमने शोधलेला डायचा क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट), उष्णता-प्रक्रियेचं सायकल, कोटिंगचा पुरवठादार. ही यादी टिपणाला जोडा आणि 'या गोष्टींचे फोटो घ्यायचे नाहीत, बाहेर सांगायच्या नाहीत' असं लिहून सही घ्या. टूलरूमच्या दाराशी तशी सूचनाही लावा. इंजिनिअरला सगळा शॉप खुला ठेवा, आणि या यादीतल्या ठिकाणी जाताना तुमचा माणूस त्याच्यासोबत असू द्या.